शहामृगाच्या दारावर कोण आलं?

"डावीकडे घे! अगं, तुझी डावी नव्हे, ड्रोनची डावी!"

"ड्रोनला कुठे डावी-उजवी असते?"

"टाकी! टाकी! आदळणार तो टाकीवर!"

गच्चीवर नुसता गोंधळ चालला होता. सुट्टी लागून चारच दिवस झाले होते आणि मामाने बक्षीस मिळवून आणलेल्या ड्रोनने इमारतीतल्या सगळ्या पोरांना वेड लावलं होतं. ड्रोन उडवत होती पिन. अंगाने काटकुळी आणि बोलायला टोकदार, म्हणून पिन. ड्रोनला वरून काय दिसतंय ते टॅबलेटवर बघत होता तिचा धाकटा भाऊ भोंगा. हा कानात कुजबुजला तरी तळमजल्यावर ऐकू जायचं! आणि टाकीपाशी शांत उभा होता त्यांचा मावसभाऊ गोगलगाय, सुट्टीपुरता राहायला आलेला. हा पोरगा सगळंच सावकाश करायचा. बोलायचाही सावकाश, एकेक शब्द निवडून. तो असं का बोलतो, हे सगळ्या जगात फक्त पिनला ठाऊक होतं.

"आपली गच्ची दिसतेय! मी दिसतोय!" भोंगा ओरडला आणि आठ-दहा डोकी टॅबलेटवर वाकली. तेवढ्यात गच्ची नाहीशी झाली आणि पडदाभर एक जाहिरात पसरली.

आता भोंग्याला एक वाईट खोड होती. डोळ्यांसमोर अक्षरं आली की तो ती मोठ्याने वाचायचाच. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, काही म्हणून सोडायचा नाही.

"बोलताना अडखळता? शब्द तोंडात अडकतात? लाजू नका! तीस दिवसांत तोतरेपणा गायब!" त्याने ठणठणीत आवाजात वाचून टाकलं. "अरेच्चा! आपल्यात कोण आहे तोतरं?"

"म-म-मी नाही!" कोणीतरी नक्कल केली आणि सगळे खो-खो हसले.

गोगलगायचा चेहरा पांढराफटक पडला. काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी म्हणून त्याने तोंड उघडलं. "म... म... म..." शब्द काही बाहेर येईना. हसणं हळूहळू थांबलं. ते थांबणं हसण्यापेक्षाही वाईट होतं. तो वळला आणि धडाधड जिना उतरून गेला.

पिन खाली पोचली तेव्हा तो बॅगेत कपडे कोंबत होता.

"तू सांगितलंस," तो म्हणाला.

"मी? शप्पथ, मी कुणाला एक शब्द बोलले नाही!"

"तुझ्याशिवाय कोणालाच म-माहीत नव्हतं. आईलासुद्धा नाही. आणि नेमकी तशीच जाहिरात, नेमकी तुमच्या टॅबलेटवर? तू आणि भोंग्याने ठरवून माझी थ-थट्टा केलीत."

"अरे, पण तूच काही शोधलं असशील फोनवर!"

"शोधलं ना! बोलण्याच्या सरावाची एक साइट आहे, ती रोज दुपारी बघतो. पण ब्राउझरच्या गुप्त खिडकीत. आणि ते चिलखत ॲप लावून! मामा म्हणाला होता ना, चिलखत चालू असलं की ब-ब्रह्मदेवालाही कळणार नाही." त्याने बॅगेची चेन खर्रकन ओढली. "रविवारी संध्याकाळच्या बसने मी घरी जातोय. आणि यापुढे तुला काही सांगणार नाही. कधीच नाही."

पिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चुगलखोर? मी? पण ती आग फार टिकली नाही. त्या जागी तिला रडूच यायला लागलं. दोन वर्षं ते गुपित तिने पोटात ठेवलं होतं, आणि त्याचं हे फळ! आज शुक्रवार. रविवारपर्यंत खरं काय ते शोधलं नाही, तर तो जाणार होता आणि जाताना तिला कायमची खोटारडी ठरवून जाणार होता.

दारात भोंगा उभा होता. जन्मात पहिल्यांदाच तो हळू आवाजात बोलला. "ताई, मी मुद्दाम नाही गं वाचलं."

"माहितीये मला. चल, काकूंकडे जाऊ."

खालच्या मजल्यावरच्या काकू टेलिफोन कंपनीच्या नियंत्रण कक्षात कामाला होत्या. त्यांच्या बैठकीच्या खोलीत सोफ्यापेक्षा तारा जास्त होत्या. पिनने सगळं सांगितलं, पण कोणाचं गुपित ते मात्र सांगितलं नाही. 'एक जण' एवढंच म्हणाली. काकूंनीही विचारलं नाही.

"चिलखत म्हणजे ते फुकटचं व्हीपीएन ना? वर हिरवी ढाल दिसते ते?"

"हो. मामाच बसवून देतो."

मामाचं मोबाईलदुरुस्तीचं दुकान होतं, 'फोन डॉक्टर'. हातात जादू होती माणसाच्या! पाण्यात बुडालेले फोनसुद्धा जिवंत करायचा. आणि त्याची एक पद्धत होती. फोन परत देताना काच पुसून, वर नवीन कव्हर चढवून, आत चिलखत टाकूनच द्यायचा. "आपल्या माणसांसाठी फुकट!" कोणाला न विचारता. विचारायचं कशाला? घरचाच तर माणूस!

काकूंनी खुर्ची पुढे ओढली. "हे बघा, व्हीपीएन म्हणजे बोगदा. आत शिरलं की रस्त्यावरच्या लोकांना तुम्ही कुठे निघालात ते दिसत नाही. ते खरंच आहे. पण बोगदा ज्याचा असतो, त्याला तर दिसतंच की!"

"म्हणजे सगळे बोगदेवाले चोर?" भोंगा पुन्हा नेहमीच्या आवाजात आला.

"हळू रे! सगळे नाहीत. आमच्या कंपनीचाही बोगदा आहे, पण तिथे काय नोंदवलं जातं ते बाहेरची माणसं येऊन तपासतात. फुकट देणारेही काही चांगले असतात. फक्त देणाऱ्याचं पोट कशावर भरतं, हे आधी विचारायचं. चिलखतवाल्याचं कशावर भरतं?"

भोंग्याने खांदे उडवले.

"नाही ना माहीत? मग सापळा लावू!"

काकूंनी इंटरनेटवर दोन नवेकोरे पत्ते तयार केले. जणू दोन रिकामी घरं. एकाचं नाव शहामृगांशी जुळवलेलं, दुसऱ्याचं उंटांशी. आत फक्त चार-चार ओळी, त्याही भोंग्याने सांगितलेल्या. "शहामृगाची नखं कशी कापावीत?" यावर तो स्वतःच गडाबडा लोळला.

"हे पत्ते जगात आपल्या तिघांशिवाय कोणालाही माहीत नाहीत," काकू म्हणाल्या. "पिन, तुझ्या फोनवर चिलखत आहे ना? ते चालू करून शहामृगाकडे जा. मग ते बंद करून उंटाकडे. दोन्ही वेळा गुप्त खिडकीतून. कुठल्या दारावर कोण येऊन गेलं, ते माझा कॉम्प्युटर लिहून ठेवेल."

"आणि चिलखत प्रामाणिक असेल तर?"

"तर दोन्ही घरांत फक्त तुझीच पावलं दिसतील."

शनिवारभर गोगलगाय कोणाशी बोलला नाही. जेवताना पिनने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर त्याने स्वतः उठून दुसरा आणला. आई म्हणाली, "काय रे, भांडलात की काय?" दोघांनीही नकारार्थी मान हलवली.

रविवारी सकाळी काकूंची हाक आली. पिन दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पळाली.

"बघ," काकू म्हणाल्या. उंटाच्या घरात एकच नोंद होती, पिनची. शहामृगाच्या घरात पहिली नोंद पिनची. आणि तिच्याखाली आणखी अकरा!

"हे अकरा कोण?"

"जाहिरात कंपन्यांचे हेर म्हण. तू कुठे गेलीस ते चिलखतवाल्याने यांना विकलं. मग ते बघायला आले की हे घर कसलं आहे आणि इथे येणाऱ्या माणसाला काय विकता येईल."

तेवढ्यात वरून असा आवाज आला की खिडकीची काच थरथरली. "ताई! टॅबलेट बघ! 'तुमच्या लाडक्या शहामृगासाठी पौष्टिक खाद्य! आजच मागवा!'"

काकूंना हसू आवरेना. "घरातल्या सगळ्या पडद्यांचं इंटरनेट एकच. ही बाई शहामृगवाली, असं कळलं की ते घरभर जाहिराती पेरतात."

पिन मात्र हसली नाही. ती चिलखताच्या अटी उघडून बसली होती. बारीक अक्षरांची बावीस पानं! चौदाव्या कलमापाशी तिचं बोट थांबलं. तिने ते दोनदा वाचलं. 'वापरकर्त्याने भेट दिलेल्या पत्त्यांची माहिती आम्ही सहयोगी कंपन्यांना देऊ शकतो.' आणि पुढे, 'शिफारस करणाऱ्या दुकानदारास प्रत्येक नव्या फोनमागे एक गुण. दोनशे गुणांना ड्रोन बक्षीस.'

आणि तिच्या स्वतःच्या फोनवर, अगदी तळाशी लिहिलेलं होतं: 'शिफारस: फोन डॉक्टर.'

"शक्यच नाही," पिन म्हणाली. "मामाला माहीत नसणार. त्याने हे वाचलंच नसेल! काकू, नसेल ना वाचलं?"

काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "त्यालाच विचार. पण हुशारीने विचार."

त्या दुपारी मामा जेवायला येणार होता. पिनने टॅबलेट आणि नोंदींचा कागद गोगलगायसमोर ठेवला आणि एवढंच म्हणाली, "वाच. मग बस पकड, नाहीतर नको पकडू." तो नेहमीसारखा सावकाश वाचत बसला.

जेवणं झाली. काकूही वर आल्या होत्या. पिन टाळ्या वाजवत म्हणाली, "चला, एक खेळ! सगळ्यांनी आपापला फोन चालू करून टेबलावर ठेवायचा. ज्याच्या फोनवर हिरवी ढाल नाही, तो हरला!"

"हा काय पोरकटपणा!" आई म्हणाली, पण तिनेही ठेवला. आईच्या फोनवर ढाल होती. पिनच्या होती, गोगलगायच्या होती. काकू म्हणाल्या, "मी हरले बाई! माझा फोन दुरुस्तीला गेलाच नाही कधी."

"मामा, तुझा?"

"माझं राहू दे गं. चार्जिंग संपलंय."

"खोटं! आत्ता तर व्हिडिओ बघत होतास!" भोंगा ओरडला आणि मामाच्या खिशातून डोकावणारा फोन त्याने अलगद उचलून टेबलावर ठेवला.

त्यावर ढाल नव्हती.

सकाळपासून पिनने मनातल्या मनात मामासाठी शंभर सबबी तयार करून ठेवल्या होत्या. आता त्यातली एकही उपयोगाची नव्हती. "मामा, तू आमच्या सगळ्यांच्या फोनवर टाकलंस. मग तुझ्याच फोनवर का नाही?"

"अगं, माझ्या फोनवर बँकेचं असतं, गिऱ्हाइकांचं असतं... उगाच कशाला..." मामाने जीभ चावली.

"म्हणजे तुला माहीत होतं."

पिनने कागद टेबलावर ठेवला. शहामृग, उंट, अकरा पाहुणे, कलम चौदा. आईने तो वाचला आणि तिचा चेहरा उतरत गेला. "अरे, माझ्या तपासणीचे रिपोर्ट मी यावरूनच बघते! तू म्हणालास सुरक्षित आहे, म्हणून! आणि या पोरांनी तुझा ड्रोन डोक्यावर घेऊन नाचायचं?"

"ताई, सगळेच करतात गं दुकानदार. जाहिराती तर जाहिराती! मला वाटलं, कोणाला काय फरक पडतो?"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. गोगलगाय उभा राहिला होता.

"म..." तो थांबला. भोंगा मदतीला शब्द पुरवणार होता, पण पिनने त्याचा हात घट्ट धरला. सगळे थांबून राहिले. मामाने खाली बघितलं.

"म-म-मामा," गोगलगाय म्हणाला, "मला पडला. मी अ-अडखळतो. ते मी माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं. तू ते अनोळखी लोकांना सांगितलंस. आणि मी प-पिनला खोटारडी म्हणालो."

"चुकलं रे माझं," मामा पुटपुटला. "उद्या दुकान उघडलं की एकेका गिऱ्हाइकाला फोन करतो. सगळ्यांचं काढून देतो."

"उद्या नाही, आजच सुरुवात कर," आई म्हणाली. "आणि मी समोर बसणार आहे." मग ती मुलांकडे वळली. "पोरांनो, आम्हा मोठ्यांपैकी एकानेही बावीस पानं उघडून बघितली नाहीत. तुम्ही बघितलीत."

"आमच्या नियंत्रण कक्षात अशी माणसं शोधून सापडत नाहीत," काकू म्हणाल्या. "शहामृगाच्या नखांच्या तज्ज्ञासकट!" भोंगा एवढा फुगला की आता आवाज बाहेर पडणार म्हणून आईने कानांवर हात ठेवले.

बस साडेपाचची होती. घड्याळात पाच वाजून गेले आणि बॅग तशीच पलंगाखाली राहिली.

मामाने आईच्या फोनवरून चिलखत काढलं, मग पिनच्या. मग नेहमीच्या सवयीने त्याने गोगलगायपुढे हात पसरला. "आण, बघू तुझा."

गोगलगायने फोन खिशातून काढला. मामाच्या हातापर्यंत नेला. मग तिथून तो वळवला आणि पिनच्या हातात दिला.

"तू काढ," तो म्हणाला.

पिनने मान डोलावली आणि ती कामाला लागली. मामाचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला, मग त्याने तो मागे घेतला.