हूल

नेमबाजी क्लबच्या जुन्या खाणीच्या फाटकावर पाटी होती. तिच्यावर बंदुकीबद्दल एक ओळ होती आणि कॅमेऱ्याबद्दल सात. लोकांना कशाची भीती जास्त होती, ते यावरून कळावं.

सहा ओळी जुन्याच शहाणपणाच्या. आपली फिल्म आपणच काढावी. फिल्मच्या निमित्ताने निशाण्यांची भोकं बुजवायचं काम चुकवू नये. दुसऱ्याची फजिती टिपू नये, पंचाशी वाद घालताना फिल्म नाचवू नये, वगैरे. सातवी ओळ लाल अक्षरांत होती : ‘पुसणी केल्याशिवाय फिल्म उघडू नये.’

उत्तरा सणस गाडीच्या दारात पाय बाहेर सोडून बसली होती आणि तिची ताई, शाल्मली, मागे गुडघे टेकून तिची वेणी घालत होती. एकतिसाव्या वर्षी, कराडात स्वतःचा दातांचा दवाखाना असलेल्या बाईने थोरल्या बहिणीकडून वेणी घालून घ्यावी का? खुशाल घ्यावी. आई गेली तेव्हा उत्तरा सहा वर्षांची होती आणि ताई पंधरा. तेव्हापासून महत्त्वाच्या दिवशीची वेणी ताईचीच.

“डोकं हलवू नकोस गं.”

“घट्ट घाल. मागच्या वेळी टोपी उडाली होती.”

“मग बोंब मारू नकोस.”

वेणी झाली. गाडीतल्या आकड्यावर दोघींचे पट्टे लटकत होते. एकाच दुकानातले, एकाच मापाचे, एकसारखी पिस्तुलं अडकवायचे. फेरीची घोषणा झाली तशी दोघींनी हाताला येईल तो पट्टा कमरेला चढवला.

धावती नेमबाजी म्हणजे जागेवर उभं राहून नेम धरणं नव्हे. लाकडी भिंतींच्या आडून, खिडक्यांतून, धावता धावता पुठ्ठ्याच्या निशाण्यांवर खऱ्या गोळ्या झाडायच्या, तेही घड्याळाशी शर्यत लावून. पंच हातभर अंतर ठेवून स्पर्धकाच्या मागे धावतो, भरलेल्या पिस्तुलाच्या मागे. नळी मागे वळली की स्पर्धक बाद. सगळा खेळ या विश्वासावर उभा. लहान स्पर्धांत पंच पुरत नाहीत, म्हणून जोड्या करतात : तू धाव, मी पंच, मग मी धावते, तू पंच. सणस बहिणींची जोडी अकरा वर्षांची होती.

आता हूल म्हणजे काय ते सांगायला हवं. हात हलण्याच्या जरा आधी शरीर तयारीला लागतं. मज्जातंतू स्नायूंना इशारा देतात आणि कातडी डोळ्याला न दिसेल इतकी थरथरते. पुष्कळदा मेंदू तो इशारा मागे घेतो आणि हात जागेवरच राहतो. ही राहून गेलेली हालचाल म्हणजे हूल. नव्या कॅमेऱ्याला, सेकंदाला दहा हजार चित्रं घेत असल्यामुळे, ती थरथर सापडते. न झालेली हालचाल तो पडद्यावर फिकट निळ्या आकृतीत काढून दाखवतो. चाप ओढण्याआधी मनगट खाली जायला बघतं, ते नेमबाजांना पहिल्यांदाच दिसलं आणि सगळे खूश झाले.

पण कॅमेऱ्याला कुठली आलीय लाज? चौकटीत येईल त्या प्रत्येकाची हूल तो काढायचा. दोन वर्षांत तीन क्लब मोडले आणि निदान सहा संसार. म्हणून पुसणी आली. पट्ट्याच्या बक्कलात मालकाच्या नावाची एक खूणचकती असते. फिल्म ज्याची, त्याची चकती ज्याच्या कमरेला, तेवढाच माणूस फिल्ममध्ये राहतो. बाकीचे पुसले जातात. त्यातूनही कुणाचं काही दिसलंच, तर तोंडातून काढायचं नाही, असा रिवाज पडला. पाहणं ही चूक, सांगणं हे पाप.

पहिल्या फेरीत आधी ताई धावली, तिने लगेच आपली फिल्म पाहिली, मग उत्तरा धावली. त्यानंतर ताई जरा गप्पच होती. ऊन लागलं असेल, असं उत्तराला वाटलं.

तिसरी फेरी झाली आणि जेवणाची सुट्टी लागली. उत्तराने चिंचेखाली डबा उघडला, पुसणी केली आणि आपली फिल्म लावली.

पडद्यावर खाण होती. भिंतीआडून धावत आली ती ताई. हातात पंचाचं वेळ मोजायचं यंत्र, आणि समोर कुणीच नाही. स्वतः उत्तराच पुसली गेली होती! क्षणभर तिला कळेना. मग तिने कमरेच्या बक्कलाकडे पाहिलं. त्यावर ‘शाल्मली’ कोरलेलं होतं.

तिने फिल्म तिथेच बंद करायला हवी होती. तिने ती केली नाही, आणि तिला दोष देणाऱ्याने आधी आपल्या मनाला विचारावं.

ताईच्या खांद्यांतून दोन निळे हात निघाले. समोरच्या रिकाम्या जागेवर, बरोबर मानेच्या उंचीवर, ते झेपावले आणि सेकंद उलटला तरी तिथेच राहिले.

पोळीचा घास उत्तराच्या तोंडात तसाच राहिला. तिला भीती वाटली. ताईची भीती! हे वाक्य मनात आल्याचीसुद्धा तिला भीती वाटली. काही भांडण असतं तर बरं झालं असतं. निदान कारण तरी सापडलं असतं.

पत्र्याच्या शेडमध्ये डॉक्टर इरावती फणसळकर बसल्या होत्या. हुलीचा शोध त्यांचाच. रविवारी त्या क्लबमध्ये येऊन नेमबाजांच्या मनगटांच्या तक्रारी ऐकायच्या.

“डॉक्टर, समजा, दुसऱ्याची हूल दिसली तर?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “समजा म्हणताय, तर समजाच राहू दे. नाव सांगू नका.”

“दोन हात. मानेकडे गेलेले.”

“किती वेळ?”

“वेळेचं काय त्यात?”

“सगळं त्यातच आहे. सेकंदाचा पाचवा भाग असेल तर घरी जाऊन झोपा. कड्यावर उभं राहिलं की उडी मारावीशी वाटते ना? तसंच ते. शरीर हजार वेड्या सूचना करतं, मन त्या टाकून देतं. तान्हं बाळ घेऊन गॅलरीत उभ्या असलेल्या आयांच्या हुली मी पाहिल्यात. काय पाहिलं ते सांगणार नाही. सगळ्या चांगल्या आया होत्या.”

“आणि सेकंदाहून जास्त असेल तर?”

डॉक्टरांनी चष्मा परत घातला. “म्हणजे ते शरीर कशाला तरी घाबरलंय. घाबरलेलं शरीर सारखी तालीम करतं. एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली, बाई. पाहिलेली हूल वाढते. तुमची निमिषभराची हूल मी पाहिली की माझं शरीर सावध होतं; त्यातून माझी हूल लांबते; ती तुम्ही पाहिलीत की तुमची. लोकांना वाटतं, पुसणी मी लाजेकाजेसाठी आणली. मी ती साथ रोखायला आणली.”

“तालमीचं नाटक होतं का कधी?”

“दोनदा झालंय,” डॉक्टर म्हणाल्या. तिसऱ्याबद्दल त्यांना विचारायचं धाडस उत्तराचं झालं नाही.

ताई निशाण्यांची भोकं बुजवत होती. उत्तरा तिच्या समोर जाऊन उभी राहिली.

“ताई, आपले पट्टे बदललेत.”

चिकटपट्टीवरचा ताईचा अंगठा थांबला. “माहितीय. पहिल्या फेरीपासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? माझ्या फिल्ममध्ये मी नव्हते, तू होतीस. पंच म्हणून मागे उभी. आणि तुझ्या निळ्या हाताने मला ढकललं, हे सांगू?” ताईने चिकटपट्टी खाली ठेवली. “एवढंसं होतं गं. पापणी लवायच्या आत गेलं. पण मग तू पिस्तूल भरून माझ्यापुढे धावायला लागलीस, आणि…”

“आणि तू माझ्या मानेवर आलीस.”

“मानेवर? तुझ्या मनगटावर! पिस्तूल वळलंच तर धरायला.”

उत्तराने आठवून पाहिलं. पिस्तूल डोळ्यासमोर धरलं की मनगट मानेच्याच उंचीवर येतं. पुसलेल्या माणसाची मान कुठली आणि मनगट कुठलं, कोण सांगणार? तिला एकदम रडू आलं आणि पाठोपाठ हसू. ताईही हसली. “खुळ्या आहोत आपण,” ती म्हणाली. दोघींनी पट्टे बदलले, बक्कलावरची नावं मोठ्याने वाचून.

शेवटची फेरी उत्तरा मोकळ्या मनाने धावली. वेळ चांगली लागली. मागे ताईची पावलं नेहमीसारखी वाजत होती. मनात काही म्हणता काही आलं नाही. शपथेवर सांगायची तिची तयारी होती.

निकाल लागायच्या आत तिने फिल्म उघडली. या वेळी पुसणी चोख झाली होती. पडद्यावर ती एकटीच होती. ती खिडकीपाशी आली, निशाण्यावर दोन गोळ्या झाडल्या. त्याच वेळी तिच्या अंगातून निळी उत्तरा निघाली, गर्रकन मागे वळली आणि दोन्ही हातांनी पिस्तूल रोखून उभी राहिली. समोर काही नव्हतं. स्वच्छ पुसलेली जागा होती, हातभर अंतरावर. पुढच्या भिंतीपाशी तेच. त्याच्या पुढच्याही. कोपऱ्यात आकडा उमटला : एक पूर्णांक नऊ सेकंद.

“कशी झाली गं फिल्म?” ताई येत होती. “दाखव की.”

उत्तराने पडदा मांडीवर पालथा घातला. “नको. पुसणी नीट झाली नाहीये.”

ताई जिथे होती तिथेच थांबली. मग “बरं,” म्हणाली आणि गाडी काढायला गेली.

महिनाभराने पुढची स्पर्धा होती. ठरल्याप्रमाणे ताई सकाळी कंगवा आणि रिबिनी घेऊन आली. उत्तराने दार उघडलं. तिचे केस कानापर्यंत कापलेले होते.

“दवाखान्यात सारखे मध्ये येतात,” उत्तरा म्हणाली.

ताई तिच्याकडे बघत राहिली, समोरूनच. “छान दिसतंय,” ती म्हणाली आणि कंगवा पर्समध्ये ठेवला. मग घराच्या फाटकाकडे निघताना “तू हो पुढे,” असं दोघी एकदमच म्हणाल्या, आणि पुढे कुणीच झालं नाही.