अहो-जाहो

पहिल्याच दिवशी मी पियुषला ‘सर’ म्हणाले, तो दोष त्याच्या कडक इस्त्रीच्या शर्टाचा. बाहेर श्रावणातला ऊन-पाऊस चालला होता. ओल्या ओढणीनं वही पुसत मी दारातच विचारलं, “अहो सर, पहिल्या वर्षाचा फ्रेंचचा वर्ग हाच का?”

“हाच. बसा,” तो गंभीरपणे म्हणाला... आणि माझ्याच बाकावर, शेजारी येऊन बसला. शनिवार पेठेतला तो, हसला नाही. फक्त डोळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगू? ते डोळे मला तेव्हाच आवडले.

त्याच आठवड्यात रझिया मॅडमनी शिकवलं, फ्रेंचमध्ये ‘तू’ला म्हणायचं ‘त्यू’ आणि ‘तुम्ही’ला ‘वू’. “ओळख वाढली, की माणसं एकमेकांना विचारतात, ‘ओं स त्युत्वा?’ म्हणजे, आता अरे-तुरे करूया का?”

“आमच्या खराडीत उलटंच आहे,” मी पियुषच्या कानाशी कुजबुजले. “माणूस आपला झाला, की ‘अरे’चं ‘अहो’ होतं. आई परसातून नुसतं ‘अवं’ म्हणाली, की वडील असतील तिथून ओ देतात.”

“म्हणून मला पहिल्याच दिवशी ‘अहो’ म्हणालीस?”

“गप रे.”

तीन वर्षं हे ‘गप रे’च चाललं. एका चहात दोघं, तोंडानं क्रियापदं चालवत. बुधवार पेठेत जुने शब्दकोश हुंगत... मनातलं मात्र ना मी सांगितलं, ना त्यानं.

शेवटच्या तोंडी परीक्षेत आम्हाला दोन जिवलग मित्रांचा संवाद करायचा होता. मी पियुषकडे पाहिलं आणि तोंडातून निघालं ‘वू’. एकदा नाही, पाचदा.

“सरोजिनी, मित्राला कुणी ‘वू’ म्हणतं का?” मॅडमनी मार्क कापले.

निकालानंतर पियुषला फ्रान्समधल्या एका शाळेत सात महिन्यांचं काम मिळालं. तिथं कुणीतरी गोड आवाजात त्याला ‘ओं स त्युत्वा?’ विचारणार, या विचारानं माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आणि तो उद्या निघणार होता.

शेवटचं भेटलो ते विद्यापीठातल्या बुचाच्या झाडाखाली. संध्याकाळ वासानं भरली होती.

“एक शंका आहे,” तो म्हणाला. “वर्गात पहिली येणारी मुलगी ‘वू’ला कशी चुकते?”

“चुकले नव्हते.”

आता टोमणा येणार म्हणून मी थांबले... आला नाही. त्याच्या खांद्यावर बुचाचं फूल पडलं. ते काढायला हात नेला, आणि हात तिथंच राहिला.

“ओं स वूव्वा?” मी विचारलं. “म्हणजे... आपण अहो-जाहो सुरू करूया का? मला तू फार आवडतोस, पियुष. सात महिने मी वाट बघेन, पण तू काहीतरी बोलून जा.”

त्यानं माझा हात खांद्यावरून काढून आपल्या हातात घेतला.

“म्हणा,” तो हळूच म्हणाला.

“अहो...”

“ओ.”