सड्यावर जळालेली बस

"माझ्या मानसाचे तळवे सोलून निघालेत, आनी पोलीस म्हनतात हाच पुरावा!" तुळसा म्हणाली. खुर्ची पुढे केली तरी ती उभीच राहिली.

मंडणगड तालुक्यातल्या खैराचा कोंड या वाडीतून तीन गाड्या बदलत ती रत्नागिरीत पद्मजा लिमयेच्या कचेरीत पोचली होती. पद्मजा खासगी तपासनीस. त्याआधी बरीच वर्षं ती विमा कंपन्यांसाठी जळक्या-मोडक्या गाड्यांची पाहणी करत असे. तिचे काका दत्तात्रेय हे निवृत्त शिक्षक. तपासाच्या कामात ते गाडी चालवत आणि रागावत. दोन्ही कामं मनापासून करत, पण रागावण्याचं जरा आधी उरकत.

"नीट सांगा. काय झालं?" पद्मजा म्हणाली.

तुळसाचा नवरा रघू गोरिवले जीप चालवी. गावाला सरकारी अनुदानातून मिळालेली मिनीबस संध्याकाळी सड्यावर पेटली. रघू विझवायला धावला आणि पोलिसांनी त्यालाच उचललं.

"त्याच्यावरच संशय का?"

"तिठ्यावर सगल्यांसमोर बोलला व्हता, ही बस एक दिस पेटवून देईन म्हनून. खोटा कशाला सांगू?"

"आणि असं का बोलला?"

"एसटी यायच्या आधीच बस निघून जायची, बाई. म्हातारी मानसं तिठ्यावर उन्हात, आनी गाडीत आंब्याच्या पेट्या! कुनालाबी राग येनारच."

दत्तात्रेयांना तो लगेच आला. अनुदान होतं ते नेमकं याच कामासाठी. वाड्यांवरची माणसं बसने तिठ्यावर आणायची, एसटीशी वेळ जुळवायची, एसटीतून उतरलेल्यांना घेऊनच परतायचं. कागदावर त्याला समन्वय म्हणत. आणि इथे समन्वय चालला होता तो कुणाच्या तरी बागेचा आणि बाजाराचा!

"बस चालवायचं काम कुणाकडे होतं?" त्यांनी विचारलं.

"सलिल आगाशेंच्या संस्थेकडं. मोठे बागायतदार हायत."

"काका, गाडी काढा," पद्मजा म्हणाली.

तिठ्यावरून रस्ता चढून सड्यावर येई आणि पलीकडे उतरून वाडीत जाई. सडा म्हणजे नुसता काळा कातळ. त्याच्या मधोमध बसचा सांगाडा उभा होता. आजूबाजूला जळण्यासारखं काही नव्हतंच, त्यामुळे दुसरं काही जळलं नव्हतं.

उपनिरीक्षक अक्षया शिगवण तिथे थांबली होती. "रघूची धमकी आणि भाजलेले हात, एवढ्यावर साहेबांनी त्याला आत टाकलंय," ती म्हणाली. "मला ते पटलेलं नाही, म्हणून तुम्हाला बघू देते."

"हात कुठे भाजलेत?"

"दोन्ही तळवे. बोटांच्या आतून आडवे पट्टे उठलेत."

"केस, भुवया?"

"शाबूत आहेत."

पद्मजा सांगाड्याभोवती फिरली. सीटच्या चौकटी, खिडक्यांच्या आडव्या लोखंडी दांड्या, चाकांच्या रिंगा उरल्या होत्या. मागचं दार एका बिजागरीवर लोंबत होतं आणि तिथून पुढच्या काचेच्या चौकटीपर्यंत आरपार दिसत होतं. तिने वाकून स्टिअरिंगखाली पाहिलं. कुलूप कुणी फोडलं नव्हतं.

"लोखंड जळत नाही, काका. लक्षात ठेवा."

"मी जन्मभर विज्ञान शिकवलंय," दत्तात्रेय फणकारले. "आता ते तू मला शिकव."

बसचा चालक विनोद वाडीच्या नळावर भेटला. पंचविशीतला मुलगा. पद्मजाचं नाव ऐकताच त्याने हंडा खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

"त्या संध्याकाळी बस कुठे लावलीस?"

"सड्यावर. उशीर झाला व्हता. मंग चालत खाली आलो आनी साहेबांकडं किल्ली दिली."

"रोज तिथेच लावतोस?"

"नाय. रोज साहेबांच्या बागेत, कलमांखाली."

"रघूने हे केलं असेल?"

विनोदने नजर पाण्याकडे वळवली. "रघूदानंच मला गाडी शिकवली," तो म्हणाला. हे काही उत्तर नव्हतं.

"हाच तो!" पुढे गेल्यावर दत्तात्रेय म्हणाले. "नजर बघितलीस? खोटं बोलतोय."

"खोटं बोलतोय, हे खरं," पद्मजा म्हणाली. "पण कुणासाठी?"

बागेच्या दगडी गडग्याला लागूनच सोनूबाईचं घर होतं. म्हातारीच्या पायाला जुनी जखम. पट्टी बदलायला तिला दवाखान्यात जावं लागे, म्हणून या बसचं तिला सगळ्यात अप्रूप. पडवीत चाकांच्या खुर्चीत बसल्या बसल्या तिने पाहुण्यांना पाट दिले.

"बसचं सुख होतं का, आजी?"

"पयल्या दिवशी लय! मोठे पाहुने आलेले. नारळ फोडला, मला खुर्चीसकट लिफ्टनं वर चढवला, टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिसापासनं लिफ्ट बिघडली म्हनाले. मंग विनोद उचलून घ्यायचा. पोर मायाळू हाय. खिडकीच्या दांडीला धरून बसायची मी."

"पहिल्या दिवशीही दांडीच धरली होती?"

"नाय गो बाय! तवा मोठी काच व्हती. डाग पडंल म्हनून हातबी नाय लावला."

"आणि बस जळली त्या दिवशी?"

"दवाखान्यातनं आले. विनोदनं गडग्यापासनं उचलून हितं आनून बसवला. चाय घे म्हटला, तं नको म्हनाला नि किल्ली द्याया गेला."

पद्मजाने मान वळवून गडग्याकडे पाहिलं. पडवीतून हाक मारली तर तिथे सहज ऐकू गेली असती.

आगाशेंच्या घरापुढच्या खळ्यात आंब्याच्या पेट्यांची रास लागली होती. सलिल आगाशे पन्नाशीचे, गोड बोलणारे. त्यांनी बसताच आंबा कापून पुढे ठेवला. दत्तात्रेयांना तो नाकारायचा होता, पण वास नाकात शिरला आणि तत्त्वं जरा बाजूला सरली. आंबा उत्तम होता, याचाही त्यांना राग आला.

"गावासाठी खपलो आणि हे फळ," सलिल म्हणाले. "पुढच्या आठवड्यात मुंबईहून पथक यायचं होतं बस बघायला. त्याच्या तोंडावर रघूने घात केला."

"लिफ्ट दुरुस्त झाली होती?"

"सुटा भाग यायचा होता. लिफ्ट बसच्या मागच्या दारातच बसवलेली होती. तीही गेली जळून."

"आणि किल्ली?"

सलिलनी ओटीवरचा खण उघडून किल्ली दाखवली. "एकच आहे. विनोद आणून देतो ती माझ्याकडे राहते. तिसऱ्याच्या हाती जात नाही."

"बाग फार देखणी आहे तुमची."

सलिलचा चेहरा प्रथमच खराखुरा खुलला. "आजोबांच्या हातची कलमं आहेत, ताई. मागे वणवा गडग्यापर्यंत आला तेव्हा ओला गोणपाट घेऊन मी स्वतः उभा होतो. एका पानाला धग लागू दिली नाही."

"कळतंय ते," पद्मजा म्हणाली. "संध्याकाळी सगळ्यांना इथेच बोलावते. चालेल ना?"

दिवस कलायच्या सुमारास खळ्यात माणसं जमली. अक्षया हवालदाराला घेऊन आली. तुळसा खांबाला टेकून उभी होती. सोनूबाईला विनोदनेच उचलून आणलं होतं आणि तिला बसवून तो सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला होता.

"रघूच्या हातांपासून सुरुवात करू," पद्मजा म्हणाली. "आग लावणारा भाजतो तो भडका उडून. त्याचे केस, भुवया जळतात. रघूचे तळवे भाजलेत, तेही पट्ट्यापट्ट्यांनी. म्हणजे त्याने मुठीत तापलेलं लोखंड धरलं. ते तापायला बस आधीपासून पेटलेली हवी. पेटवणाऱ्याला दार उघडायची गरज काय?"

"तो दार उघडीत व्हता," तुळसा म्हणाली. "आत कोन असंल तं, म्हनून."

पद्मजाने पुढे सुरू केलं.

"आता बस. पहिल्या दिवशी तिला मोठी काच होती आणि लिफ्ट होती. दुसऱ्या दिवसापासून खिडक्यांना आडव्या दांड्या आल्या आणि लिफ्ट गेली. अशा दांड्या शाळेच्या बसला असतात. लिफ्ट भरभक्कम लोखंडाची असते. बिघडलेली असो की चालू, आगीतून ती शिल्लक राहायलाच हवी. त्या सांगाड्यात मागच्या दारापासून पुढच्या काचेपर्यंत आरपार दिसतं. लिफ्ट जळाली नाही, सलिलराव. ती त्या बसमध्ये कधी नव्हतीच."

"म्हणजे दोन गाड्या?" अक्षयाने विचारलं.

"उद्घाटनाला एक, एका दिवसापुरती कुठून तरी आणलेली. रोजच्याला शाळेची जुनी गाडी, त्याच रंगाने रंगवलेली. अनुदान नव्या गाडीचं आणि लिफ्टचं. गाववाल्यांना बिघाड सांगून गप्प करता येतं. पथक मात्र लिफ्ट चालवून दाखवा म्हणणार होतं."

"याने आग मी लावली असं सिद्ध होत नाही," सलिल शांतपणे म्हणाले. "बस सड्यावर उघडी होती. विनोदने तिथे लावली. विचारा त्याला."

"विचारलं. पण सोनूबाईंना त्याने त्या संध्याकाळी गडग्यापासून उचलून आणलं. बस सड्यावर सोडली असती, तर अख्खा उतार त्यांना कडेवर घेऊन उतरावा लागला असता. बस नेहमीसारखी बागेतच होती. नंतर ती चढ चढून सड्यावर गेली. स्टिअरिंगचं कुलूप शाबूत आहे, म्हणजे किल्लीने गेली. आणि किल्ली तुमच्या खणात होती. तिसऱ्याच्या हाती जात नाही, हे तुमचेच शब्द."

"विनोदकडे होती की! त्याने नेली असेल."

"त्याला किंवा रघूला बस जाळायची असती, तर त्यांनी ती उभी होती तिथेच पेटवली असती. वर नेऊन कातळावर उभी करायचे कष्ट कोण घेईल? ज्यांच्याखाली बस उभी होती त्या कलमांची ज्याला काळजी आहे, तोच. मोसम भरात आहे, झाडं लगडलेली आहेत. तुमचा हात बस जाळायला धजला, सलिलराव. पण आजोबांच्या कलमाखाली काडी ओढायला धजला नाही."

सलिलनी तोंड उघडलं आणि नकळत त्यांची नजर बागेकडे गेली. तेवढ्यात मागून विनोदचा आवाज आला.

"बागेतच लावली व्हती मी. साहेब म्हनाले, सड्यावर म्हनून सांग, नायतर नोकरी गेली समज. मला वाटला, रघूदाला दोन दिसांत सोडतील."

आता मात्र दत्तात्रेयांना राहवेना. ते ताडकन उठले.

"झाडाच्या पानाला धग लागू नये म्हणून चढ चढून बस वर नेलीत! आणि आग विझवायला आलेल्या माणसाला तुरुंगात घातलंत! म्हाताऱ्या बाईला लिफ्टमध्ये बसवून टाळ्या वाजवल्यात आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागेवर पेट्या रचल्यात! लाज कशी वाटली नाही हो तुम्हाला? थोडीसुद्धा?"

अक्षयाने किल्लीसाठी हात पुढे केला तेव्हा सलिलनी ती काढून दिली.

रघू सुटला. त्याच सुमारास जिल्ह्याच्या ठिकाणाहून कळवलं गेलं, की चौकशी संपेपर्यंत खैराच्या कोंडाचं अनुदान स्थगित. ते ऐकून दत्तात्रेय संतापले. खाल्लं एकाने आणि पायी चालायचं अख्ख्या वाडीने, असा हा न्याय. त्यांनी जिल्ह्याच्या साहेबांना फोन लावला. साहेब बैठकीत होते.

रघूला घरी सोडायला पद्मजा आणि दत्तात्रेय वाडीत आले तेव्हा अंगणात जीप धूळ खात उभी होती. सोनूबाईचा पट्टीचा दिवस होता. ती खुर्चीत तयार होऊन बसलेली, आणि रघूच्या दोन्ही हातांना मनगटापर्यंत बँडेज.

"चाक धरायला जमनार नाय," रघू हळूच म्हणाला. "एसटी चुकंल तिची."

गडग्यापाशी विनोद उभा होता. पुढे यायचं धाडस होत नव्हतं आणि निघूनही जाववत नव्हतं. तुळसाने त्याला पाहिलं. दत्तात्रेयांना वाटलं, आता ही याला झोडपणार, आणि त्यांची त्याला काहीच हरकत नव्हती.

तुळसा घरात गेली, जीपची किल्ली घेऊन आली आणि तिने ती विनोदच्या पुढ्यात धरली.

"ह्याचे हात बरे होईस्तोवर गाडी तू चालवायचीस," ती म्हणाली. "रोज. आनी हा तुझ्या शेजारी बसंल."

विनोदने किल्ली घेतली. त्याने सोनूबाईला उचलून मागे बसवलं आणि पुढे येऊन रघूसाठी दार उघडलं, कारण रघूला ते उघडता येत नव्हतं.