हौदातली तार

“शू...!”

त्याने मला उद्देशून उच्चारलेला हा पहिला शब्द. चीजच्या कारखान्यात मी पाऊल टाकलं आणि माझ्या हातून पाना खणकन पडला. हौदाशी वाकलेला कारागीर ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे बघत होता. दूध थिजत असताना इथे कुणी मोठ्याने बोलत नाही, जरा धक्का लागला की ते मोडतं म्हणे. डोळे मात्र हसत होते मेल्याचे!

मी तिथे तार बसवायला आले होते. दुधात सोडायची, किंचित तापवलेली तार. दूध पातळ असतं तोवर हलत राहतं आणि तारेची ऊब पळवून नेतं. थिजलं की ऊब तारेपाशीच अडकते, मीटरवरचा आकडा चढतो आणि घंटी वाजते. मग त्याने थिजलेलं दूध कापायला सुऱ्या चालवायच्या. आजवर ती वेळ तो दुधात बोट घालून ओळखायचा.

“म्हणजे माझ्या बोटांची नोकरी गेली,” तो कुजबुजला.

“बोटांना दुसरं काम द्या की.”

“कोणतं — ?”

मी घाईघाईने पिशवीत डोकं घातलं. कान नुसते तापले होते.

पण घंटी भलत्याच वेळी वाजू लागली. दूध थिजवणारं रेनेट घालायच्या आधीच! नुकतंच ओतलेलं दूध संथ गरगरत असायचं, आणि एकदम... थांबायचं. फेसाचा बुडबुडाही जागचा हलायचा नाही. खोलीत अशी शांतता पसरायची की अंगावर काटा यायचा. तो हाक मारायला दाराशी गेला, की दूध पुन्हा फिरू लागायचं.

हाक त्याच्या आत्याला. कारखाना तिचा. तार चालली तर ती सांभाळायला मला कायमचं ठेवून घेणार होती. “पण आज पुन्हा चुकली तर काढ आणि नीघ,” तिने बजावलं. मला निघायचं नव्हतं. नोकरीसाठी नव्हे.

मी तार बदलली, मीटर बदललं. हौदाशी मी एकटी उभी राहिले, काही नाही. तो एकटा उभा राहिला, काही नाही. मग तो माझ्या शेजारी आला... आणि आकडा चढू लागला.

खरं सांगते, मला भीती वाटली. त्यालाही वाटली असावी.

“मी उद्यापासून गोदामात जातो,” तो हळूच म्हणाला. “तुमची तार चालेल. तुम्ही राहाल.”

“आणि मी काय करू? हौदाचं तोंड बघत बसू?”

“म्हणजे — ?”

“म्हणजे तुम्ही आवडता मला! आता हेही मीच सांगायचं?”

त्याने माझा हात धरला. त्याची बोटं गार पडली होती. घंटी वाजली, वाजतच राहिली. मोकळ्या हाताने मी ती बंद केली आणि तार ओढून काढली.

आत्या दारात उभी होती.

“यंत्र नापास,” मी म्हटलं. “रेनेट घातलेलं नाही, तरी दूध थिजलं म्हणतंय. घेऊन जाते.”

ती पुढे आली. बाही सारून तिने दुधात बोट घातलं आणि अलगद वर उचललं. दुधाला स्वच्छ, सरळ चीर पडली. काठोकाठ भरलेला हौद तळापर्यंत थिजला होता.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिची नजर आमच्या हातांवर गेली.

“यंत्र बरोबर आहे,” ती पुटपुटली. “शेजारच्या रिकाम्या हौदात तार सोड.” मग भाच्याकडे वळून, अगदी दबक्या आवाजात म्हणाली, “आणि तू... तिचा हात सोडू नकोस. मी रेनेटशिवाय दूध ओततेय.”