खेकड्याची नांगी कुठं गेली?

शिबिराच्या खुर्च्या लावून लावून रुक्सारचे खांदे भरून आले होते. त्यात कुंडलच्या त्या सभागृहात मे महिन्याचा उकाडा! पडद्यावर हातानं काढलेल्या चित्रांची जुनी फिल्म चालली होती. समुद्र शोधायला निघालेला एक खेकडा ओढ्यातून तिरका तिरका चालला होता. बारकी पोरं कंटाळून बाहेर पळाली. सभागृहाचे कारभारी आप्पासो म्हणाले, की डोकं ना शेपूट अशी फिल्म ठेवून काय करायची? भंगाराचा टेंपो यायचाच आहे, रिळांचे डबे त्यात टाका.

रुक्सारला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. तिनं मैत्रिणीला विचारलं,

"क्रांती, ओढ्यात खेकड्याला दोन नांग्या होत्या. मग समुद्रावर पोचला तवा एकच कशी?"

"व्हय की! मधलं कायतरी गाळलंय."

फिल्म लावणाऱ्या संयोगिताताई म्हणाल्या, की कपाटात होते तेवढे सगळे डबे लावले. मग क्रांतीचा भाऊ साईराज याला घेऊन दोघींनी माळा उपसला, मागची अडगळ उपसली. कपडे घामानं अंगाला चिकटले, पण रीळ मिळेना. शेवटी रुक्सारनं स्टेजपुढं फरशीवरच अंग टाकलं. मान वळवली, तर स्टेजच्या आखूड पायाखाली टेकण दिसलं. गोल, चपटं, पत्र्याचं!

स्टेज उचलायला आप्पासोंनी साफ नकार दिला. सत्काराचे पाहुणे येतायत, तोवर स्टेजला हात लावायचा नाही. पण तोवर टेंपो बाकीचे डबे घेऊन गेला असता. आप्पासो पाहुण्यांना आणायला फाटकाकडं गेले, तसा साईराजनं बांबू घालून स्टेज उचललं. रुक्सारनं डबा ओढला, क्रांतीनं विटा सारल्या.

आप्पासो स्टेजवर चढले आणि थबकले. "आज हे डुगडुगत कसं न्हाई?"

रुक्सारनं पोचे पडलेला डबा पुढं धरला. आप्पासोंचा चेहरा पडला. त्यांनी आधी टेंपो रिकामाच परत पाठवला.

सत्कारानंतर फिल्म पुन्हा लागली. जाळ्यातून निसटताना खेकड्याची नांगी तुटली होती! मग तो एका दगडावर बसला. बराच वेळ नुसता बसला. भोवतीच्या पाण्याचा रंग सावकाश बदलत राहिला. दारात जमलेली बारकी पोरंही आत येऊन फरशीवर बसली. रुक्सारचे पाय ठणकत होते, तरी डोळे मिटवेनात.

"पोरींनो, साईराज, तुमी होता म्हणून वाचलं हे," आप्पासो हळूच म्हणाले. "ताई, त्यो बसतो न्हवं, तेवढं परत लावता का?"