जीवाणू, कुणाकडचे आपण?

शार्दूलचा ताप औषधाने उतरायचा आणि आठवडाभराने परत यायचा. डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला होता. त्याच्या ताईला, ऋजुताला, वेगळंच कोडं पडलं होतं.

"आजोबा, पहारेकरी पेशी जीवाणूला गिळतात ना? मग गिळलेला जिवंत कसा?"

आजोबा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. संस्थेने त्यांचा निरोपसमारंभ दोनदा केला, तरी ते रोज प्रयोगशाळेत जायचे. त्यांनी शार्दूलच्या रक्तातले जीवाणू आणि पहारेकरी पेशी एका काचपट्टीवर ठेवल्या, आणि टिकलीला आत सोडलं. टिकली हा धुळीच्या कणाहून लहान यंत्रमानव. तिला दिसेल ते भिंतीवर उमटायचं.

"गिळला," टिकली म्हणाली. "आता तो पुटिकेत (पातळ पापुद्र्याच्या पिशवीत) आहे. शेजारी लयकारिका (पाचकरसांची पिशवी) आहे. दोन्ही एक झाल्या की जीवाणू विरघळेल. वाट पाहतेय." जरा वेळाने म्हणाली, "अजून पाहतेय."

जीवाणूने बारीक सुई काढली आणि पापुद्र्यातून पेशीत काही प्रथिनं टोचली. पेशीतल्या वाहतुकीच्या खुणा बदलल्या. लयकारिका दुसरीकडे वळली. शिवाय पेशीच त्याच्या पिशवीकडे खाऊ आणू लागली.

ऋजुता म्हणाली, "आत्याच्या लग्नातले ते काका! आपल्याला वाटलं नवऱ्याकडचे, नवऱ्याकडच्यांना वाटलं आपल्याकडचे. मीच त्यांना आग्रह करून जिलब्या वाढल्या."

"हाही तेच करतो. राबते पेशी, जेवतो हा. आणि आत बसला की आपली औषधंही त्याच्यापर्यंत नीट पोचत नाहीत."

"मग सुईच बंद केली तर?"

आजोबांनी कपाटाकडे पाहिलं. "तसं एक औषध आहे. मीच नापास केलं. काचेच्या बशीत नुसते जीवाणू ठेवले होते, त्यातला एकही मेला नाही."

"बशीत लग्न कुठे होतं, आजोबा?"

आजोबांनी चष्मा पुसला आणि कपाटातून ती बाटली काढली. काचपट्टीवर एक थेंब टाकला. सुई अडली. लयकारिका सरळ आली, पिशवीला मिळाली.

"विरघळला," टिकली म्हणाली. "वाट पाहणं संपलं."

पुढे चाचण्या झाल्या, सह्या झाल्या, पुन्हा चाचण्या झाल्या. शेवटी जुन्या औषधासोबत ते शार्दूललाही मिळालं. महिना गेला, ताप फिरकला नाही. आजोबा आता क्षयाच्या जीवाणूची लबाडी शोधायला बसले होते.

पथ्य सुटलं त्या दिवशी शार्दूलने पहिली जिलबी मागितली.

ऋजुताने ताटली मागे धरली. "कुणाकडचे आपण?"