सरका जरा, अजून येणार आहेत

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलेली आहे. आणि आत्या तिखटमीठ लावून सांगणाऱ्यातली नाही. सगळं आयुष्य शिलाई मशीनवर गेलेली, मोजूनमापून बोलणारी बाई.

ती लेकीकडे परदेशात गेली होती. लेक कामावर गेली की आत्या आणि आतोबा दोघंच शहर हिंडायचे. त्या दिवशी ते टेकडीवरच्या युद्धस्मारकात गेले.

भर दुपार होती. लख्ख ऊन.

पायऱ्या उतरून खाली एक गोल दालन. मधोमध जळता दिवा, भिंतीला लागून दगडी बाक. जुन्या लढाईतले सैनिक त्याच फरशीखाली पुरलेले. भिंतीवर काहीतरी कोरलं होतं. आतोबांनी अर्थ सांगितला, "पुन्हा युद्ध नको."

मग म्हणाले, "तुझे गुडघे कुरकुरायला लागलेत. बस इथं. मी वर फोटो काढून येतो."

आत्या बसली.

तिचा मुलगा सैन्यात. सीमेवर. तिला वाटलं, सगळ्या जगाने एकदा इथं येऊन बसावं. मग कुठल्याच आईला फोनकडे डोळे लावून बसावं लागणार नाही.

मन जरा निवलं.

आणि मग... सळसळ.

कापडाची. जाड, भरड कापडाला कापड घासल्याची. तो आवाज ओळखायला आत्याला कुणी सांगायला नको होतं.

दालनात तर कुणीच नव्हतं.

सळसळ भिंतीच्या कडेकडेने जवळ आली... एकेक जण बाजूला होत असावा तशी. तिच्या खांद्याला हलकासा धक्का लागला.

"सरका जरा." कोवळा, तरुण आवाज. चक्क मराठीत. "अजून येणार आहेत."

"कोण येणार आहे?" आत्याने विचारलं.

सळसळ थांबली.



तिने शेजारी हात टेकला. सगळा बाक गारठलेला. पण तेवढ्या एका माणसापुरता दगड... ऊबदार.

 ही जागा आपल्या मुलासाठी तर धरून ठेवली नाही ना, या विचारानेच ती हादरली. पण पळाली नाही. सरकून त्याच जागेवर ठाण मांडून बसली.

"इथं मी बसणार."



मग पुन्हा सळसळ... पुन्हा धक्का. "सरका जरा."

पलीकडचा दगड ऊबदार झाला. ती तिथं सरकली. तर त्याच्याही पुढचा...

आतोबा खाली आले तेव्हा ती एकटीच बाक चाचपत, सरकत, दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचली होती. डोळ्यांना धार.

"अगं, काय करतेस हे?"

"मी एकटी पुरत नाही हो," ती म्हणाली. "जागा संपतच नाहीत."

संध्याकाळी मुलाचा फोन आला. तो खुशाल होता. आजही आहे. प्रवासाचा शीण, असं सगळे म्हणाले. असेलही.

पण गेल्या महिन्यात, ती इकडे परतल्यावर, गल्लीतली काही पोरं तिच्या शिलाईच्या दुकानात आली. सैन्यात भरती झालेली, खुशीत. जाण्याआधी पँटी आखूड करून हव्या होत्या.

उंचीची खूण करायला आत्या खाली बसली, ती बराच वेळ उठलीच नाही.

"काकू, कधी मिळतील?"

"मशीन बिघडलंय रे. वेळ लागेल."

मशीन ठणठणीत होतं.

पोरं पुन्हा पुन्हा विचारून गेली. शेवटी कपडे परत नेले, दुसऱ्या शिंप्याकडून करून घेतले... आणि ठरलेल्या दिवशी निघून गेली.